परीक्षा न देता जपानची सरकारी शिष्यवृत्ती: 'विद्यापीठ शिफारस' मार्गाचा अर्ज, पायरी पायरीने

जपान सरकारच्या 'मेक्स्ट' (तिथलं शिक्षण मंत्रालय) शिष्यवृत्तीवर एम.एस. किंवा पीएच.डी.ला जाण्याचे भारतातून दोन मुख्य रस्ते आहेत. पहिला दूतावासाचा. त्यात इंग्रजी आणि जपानीची लेखी परीक्षा असते आणि नंतर मुलाखत. दुसऱ्या रस्त्यात जपानमधलं विद्यापीठच तुमचं नाव तिथल्या शिक्षण मंत्रालयाकडे पाठवतं. यात शिष्यवृत्तीसाठी लेखी परीक्षा नसते. कागदपत्रं, संशोधनाचा आराखडा आणि बहुतेक वेळा एक ऑनलाइन मुलाखत यांवर निवड होते. हा लेख फक्त या दुसऱ्या रस्त्याबद्दल आहे.

आपल्याकडची हुशार मुलं या रस्त्यावर अडतात ती बहुधा गुणांमुळे नाही, क्रम चुकल्यामुळे. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून फॉर्म उतरवायचा, तो भरायचा, प्राचार्यांची सही आणायची आणि मग कोणी प्राध्यापक मिळतो का ते पाहायचं, असा उलटा प्रवास होतो. तोवर मुदत संपलेली असते. या मार्गात शिफारशीची सुरुवात एका प्राध्यापकापासून होते. तो विभागाकडे तुमचं नाव मांडतो, विभाग विद्यापीठाच्या समितीकडे पाठवतो आणि विद्यापीठ मंत्रालयाकडे. पहिलं माणूस तयार नसेल तर पुढची साखळी हलतच नाही.

मिळतं काय, तेही सांगतो. शिक्षण शुल्क माफ, जाण्यायेण्याचं विमानभाडं आणि दरमहा विद्यावेतन: संशोधक विद्यार्थ्याला (अजून पदवीच्या अभ्यासक्रमात दाखल न झालेल्याला) १,४३,००० येन, एम.एस.ला १,४४,००० आणि पीएच.डी.ला १,४५,०००. काही शहरांत त्यावर २,००० किंवा ३,००० येन जास्त.

आधी कॅलेंडर भिंतीवर लावा

विद्यापीठांच्या मुदती साधारण ऑक्टोबर ते जानेवारी या काळात येतात. मंत्रालयाचा निकाल पुढच्या जून-जुलैच्या सुमारास लागतो आणि विद्यार्थी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जपानला पोहोचतो. म्हणजे आज सुरुवात केली तर पाय ठेवायला वर्षाहून अधिक काळ. मागे मोजत गेलात तर प्राध्यापक शोधायचं काम जून-जुलैत आणि त्यांच्याशी पत्रव्यवहार ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये व्हायला हवा. ट्रान्स्क्रिप्टचा, म्हणजे सगळ्या विषयांच्या गुणांच्या अधिकृत उताऱ्याचा, अर्ज मात्र त्याआधीच टाकून ठेवा. विद्यापीठाच्या परीक्षा विभागातून तो हातात यायला किती दिवस लागतील हे तुमच्या हातात नसतं.

> इशारा: विद्यापीठाची मुदत आणि विभागाची अंतर्गत मुदत या वेगळ्या असतात. विभागाची अनेकदा काही आठवडे आधी येते आणि ती संकेतस्थळावर ठळकपणे दिसेलच असं नाही. प्राध्यापकांना किंवा त्या विभागाच्या कार्यालयाला सरळ विचारा.

पायरी १: आपण पात्र आहोत का?

वयाची अट सोपी आहे: जपानला पोहोचण्याच्या वर्षी १ एप्रिलला ३५ वर्षं पूर्ण झालेली नसावीत. शेवटच्या वर्षाला असाल तरी अर्ज करता येतो, मात्र जाण्याआधी पदवी पूर्ण झालेली हवी.

खरी अडचण येते शिक्षणाच्या एकूण वर्षांत. एम.एस.ला प्रवेशासाठी जपानी विद्यापीठं सर्वसाधारणपणे १६ वर्षांचं शिक्षण धरतात. बी.ई., बी.टेक. केलेल्यांचे १२ आणि ४ मिळून १६ होतात. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांचेही १० अधिक ३ अधिक ३ असे १६ भरतात. पण तीन वर्षांची बी.एस्सी., बी.ए. किंवा बी.कॉम. असेल तर बेरीज १५ वर थांबते. म्हणून दार बंद झालं असं समजू नका. काही विद्यापीठं तीन वर्षांची परदेशी पदवी मान्य करतात, काही ठिकाणी 'वैयक्तिक पात्रता तपासणी' नावाची वेगळी प्रक्रिया असते. तिला स्वतःची मुदत आणि स्वतःचे कागद लागतात, त्यामुळे विभागाच्या कार्यालयाला पहिली मेल याच प्रश्नाची लिहा. एम.एस्सी. झालेल्यांना एम.एस.साठी ही चिंता नाही.

भाषेसाठी जपानी भाषा-परीक्षेची एन२ पातळी किंवा युरोपीय मोजपट्टीवरची इंग्रजीची बी२ पातळी लागते. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत बी२ साडेपाचपासून सुरू होतो, तरी विभाग त्याहून जास्त मागू शकतो. पदवीचं शिक्षण मुख्यतः इंग्रजीतून झालं असेल तर कॉलेजचं माध्यमाचं प्रमाणपत्र मंत्रालयाच्या नियमात चालतं. विभागाला ते चालतं का, हे वेगळं विचारायचं.

> तपासा: अनेक विद्यापीठं या मार्गाच्या सर्वसाधारण जागा ज्यांच्याशी त्यांचा करार आहे अशाच परदेशी विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांसाठी ठेवतात. तुमच्या विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कक्षात जाऊन जपानमधल्या करारांची यादी मागा. ती यादी हाच तुमच्या शोधाचा पहिला नकाशा.

पायरी २: गुणांचं गणित स्वतः करून पाहा

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. अट अशी की शेवटच्या दोन वर्षांची सरासरी ३.०० पैकी किमान २.३० हवी. आपली मुलं १० पैकीच्या सीजीपीएला ०.३ने गुणतात आणि मोकळी होतात. ८.० असेल तर २.४ आले, झालं काम! हिशेब असा होत नाही.

प्रत्येक विषयाची श्रेणी आधी ३, २, १ किंवा ० या अंकात बदलायची, त्या विषयाच्या क्रेडिटने गुणायची, सगळ्यांची बेरीज करायची आणि एकूण क्रेडिटने भागायचं. समजा शेवटच्या दोन वर्षांत ४० क्रेडिट झाले. त्यातल्या २४ क्रेडिटच्या विषयांना ३ अंक, १२ क्रेडिटच्या विषयांना २ आणि ४ क्रेडिटच्या विषयांना १ अंक मिळाला. ७२ अधिक २४ अधिक ४ म्हणजे १००, भागिले ४०, उत्तर २.५०. तुम्ही पात्र. (दोन वर्षांत प्रत्यक्षात क्रेडिट याहून जास्त असतात, आकडे सोपे घेतले आहेत.)

मग कोणत्या श्रेणीला ३ आणि कोणत्या श्रेणीला २? जपानच्या टक्क्यांच्या तक्त्यात ८०च्या वर ३, सत्तरीत २, साठीत १ आणि ६०च्या खाली शून्य. आपल्याकडे ६५ टक्के म्हणजे फर्स्ट क्लास. त्या तक्त्यात नुसती टक्केवारी टाकली तर त्याला १ मिळतो. म्हणून ट्रान्स्क्रिप्टसोबत तुमच्या विद्यापीठाची श्रेणी-पद्धती समजावणारं पान आलंच पाहिजे: 'ओ', 'ए प्लस', 'ए' म्हणजे काय, उत्तीर्ण व्हायला किती लागतात, फर्स्ट क्लास कुठून सुरू होतो. बहुतेक ट्रान्स्क्रिप्टच्या पाठीमागे हे छापलेलं असतं. नसेल तर परीक्षा विभागाकडून सही-शिक्क्यासह मागून घ्या. शेवटचा हिशेब जपानमधलं विद्यापीठ करतं, पण त्यांच्या हातात योग्य कागद देणं तुमचं काम.

सरासरी २.३०च्या काठावर असेल तर प्राध्यापकांना लिहिण्याआधी विभागाच्या कार्यालयाला श्रेणी-पद्धतीचं पान पाठवून विचारा. महिनाभर पत्रव्यवहार झाल्यावर या कारणाने नकार आला तर त्या प्राध्यापकांचाही वेळ गेलेला असतो.

पायरी ३: प्राध्यापक शोधा, विद्यापीठाचं नाव नंतर

तोक्यो आणि क्योतो या दोन नावांवर सगळे तुटून पडतात. तोहोकु, होक्काइदो, नागोया, क्युशू, हिरोशिमा, त्सुकुबा इथे उत्तम प्रयोगशाळा आहेत. तुमचं दोन ते पाच वर्षांचं आयुष्य विद्यापीठाच्या फाटकात नाही, त्या एका प्रयोगशाळेत जाणार आहे, म्हणून निवड प्रयोगशाळेची करा.

शोधायला तीन जागा पुरतात. पहिली, तुमच्या विषयात तुम्ही वाचलेले शोधनिबंध आणि त्यांतले जपानी लेखक. दुसरी 'रिसर्चमॅप', जिथे जपानी संशोधकांची माहिती एकत्र मिळते. तिसरी 'काकेन'ची माहितीसूची: कोणाला कोणत्या विषयासाठी सरकारी संशोधन निधी मिळाला हे तिथे दिसतं. ही तिसरी जागा आपल्याकडे फारसं कोणी पाहत नाही, आणि मला ती सर्वांत उपयोगी वाटते. दहा वर्षांपूर्वीच्या निबंधावरून माणूस आज काय करतो हे कळत नाही. चालू निधीवरून कळतं.

आठ-दहा नावांची यादी करा आणि प्रत्येकाबद्दल दोन गोष्टी नक्की तपासा. निवृत्ती जवळ आली आहे का? तसं असेल तर नवा विद्यार्थी घेणं त्यांना शक्य नसतं. आणि प्रयोगशाळेच्या पानावर परदेशी विद्यार्थ्यांची नावं आहेत का? असतील तर इंग्रजीत काम चालण्याची शक्यता जास्त.

पायरी ४: पहिली मेल

ही मेल लिहायला आठवडा लागला तरी चालेल. जपानी प्राध्यापकांना परदेशातून अशा मेल सतत येतात आणि बहुतेक एकाच साच्यातल्या असतात. 'रिस्पेक्टेड सर' अशी सुरुवात, प्राध्यापकाचं नावच नाही, 'तुमच्या प्रतिष्ठित विद्यापीठात' असा उल्लेख आणि खाली दहावीपासूनचे गुण. अशा मेलला उत्तर येत नाही.

संबोधनात आडनाव आणि पुढे 'सेन्सेई'. आडनाव कोणतं हे नीट पाहून घ्या; जपानीत ते आधी येतं आणि इंग्रजी पानावर कधी आधी, कधी नंतर. पहिल्या दोन ओळींत तुम्ही कोण आणि कशासाठी लिहिता: 'विद्यापीठ शिफारस मार्गाने अमुक सत्रासाठी तुमच्या प्रयोगशाळेत यायची इच्छा आहे.' मार्गाचं नाव घातलं नाही तर त्यांना तुम्ही दूतावासाकडून येताय की स्वखर्चाने, ते कळत नाही. पुढच्या परिच्छेदात त्यांचा कोणता निबंध वाचला आणि त्यातल्या कोणत्या मुद्द्यावर तुमचं काम जोडता येईल. त्यानंतर तुमच्या प्रोजेक्टबद्दल तीन-चार वाक्यं. शेवटी एकच प्रश्न: पुढच्या वर्षासाठी ते विद्यार्थी घेत आहेत का? सोबत बायोडेटा, ट्रान्स्क्रिप्ट आणि एका पानाचा संशोधन आराखडा, तिन्ही पीडीएफमध्ये.

> इशारा: एकाच विभागातल्या दोन प्राध्यापकांना एकाच वेळी लिहू नका. ते शेजारच्या खोल्यांत बसतात आणि एकमेकांना विचारतात. एकाचा नकार आल्यावरच दुसऱ्याला लिहा. एकच मेल अनेकांना पाठवणं तर पूर्णपणे वर्ज्य.

उत्तराला दोन आठवडे द्या, मग एकच नम्र आठवण पाठवा. एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीचा 'गोल्डन वीक', ऑगस्टच्या मध्यातला 'ओबोन' आणि नववर्षाची सुट्टी या काळात उत्तराची अपेक्षा धरू नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये ते प्रबंध आणि प्रवेश परीक्षांमध्ये बुडालेले असतात.

होकार आला की त्याला 'नाइदाकु' म्हणतात, म्हणजे अनौपचारिक संमती. हा प्रवेश नव्हे आणि शिष्यवृत्तीही नव्हे. विद्यापीठाच्या समितीत तुमची तुलना इतर प्राध्यापकांच्या उमेदवारांशी होणार असते. अनेक जण या टप्प्यावर सैल पडतात, आणि इथूनच खरी मेहनत लागते.

पायरी ५: संशोधनाचा आराखडा

मंत्रालयाच्या फॉर्ममध्ये यासाठी स्वतंत्र पानं आहेत: आतापर्यंतचा अभ्यास, जपानमधला विषय आणि तो पार पाडण्याची योजना. समिती सर्वांत जास्त वेळ याच पानांवर घालवते.

आपल्या मुलांच्या आराखड्यात विषय गावाएवढा मोठा असतो. 'भूकंपरोधक बांधकामाचा अभ्यास' हा दोन वर्षांचा विषय होऊ शकत नाही. १९९३च्या किल्लारी भूकंपात मातीच्या सांध्यावर रचलेल्या जाड दगडी भिंती कोसळल्या. तशा भिंती मराठवाड्यात आजही उभ्या आहेत. 'अशा भिंतीला स्वस्त जाळीचं आवरण दिलं तर हादऱ्यात ती किती वेळ उभी राहते, हे लहान नमुन्यांवर कंप-मेजावर (भूकंपासारखे हादरे देणाऱ्या टेबलावर) तपासणं' हा विषय झाला. यात प्रश्न आहे, मोजायची गोष्ट आहे, लागणारं उपकरण आहे आणि ते त्या प्रयोगशाळेत आहे की नाही हे पडताळता येतं. जपानच का, या प्रश्नाचं उत्तरही आपोआप मिळतं. 'जपान तंत्रज्ञानात पुढे आहे' असं लिहायची गरजच उरत नाही.

योजना सहा-सहा महिन्यांच्या टप्प्यांत मांडा. पहिल्या टप्प्यात वाचन आणि नमुन्यांची रचना, मग चाचण्या, मग विश्लेषण आणि लेखन. एखादी पद्धत चालली नाही तर काय कराल, यावर दोन वाक्यं घाला. मसुदा प्राध्यापकांना दाखवा आणि त्यांनी सुचवलेले बदल करा. पण त्यांच्या निबंधातली वाक्यं उचलून ठेवू नका. ती त्यांना लगेच ओळखू येतात.

> तपासा: आराखडा तुमच्या विषयाबाहेरच्या एका मित्राला वाचायला द्या. 'नक्की काय करणार आहेस?' याचं उत्तर त्याला एका वाक्यात देता आलं नाही तर पुन्हा लिहा. समितीतही सगळे तुमच्या विषयाचे नसतात.

पायरी ६: इकडचं शिफारसपत्र

या मार्गात तुमच्या सध्याच्या किंवा शेवटच्या संस्थेकडून एक शिफारसपत्र लागतं. ते अधिष्ठाता किंवा त्यावरच्या पदावरील व्यक्तीचं हवं आणि जपानमधल्या विद्यापीठाच्या अध्यक्षांच्या नावे हवं. इथे दोन चुका ठरलेल्या. प्रोजेक्ट गाईडचं पत्र घेतलं जातं, कारण सर ओळखीचे. पण त्यांचं पद पुरत नाही. किंवा 'टू हूमसोएव्हर इट मे कन्सर्न' अशा मथळ्याचं पत्र कार्यालयातून मिळतं आणि तेच जोडलं जातं. दोन्ही परत येतात. संलग्न कॉलेजात असाल तर प्राचार्यांची सही अधिष्ठाता पातळीची धरली जाईल का, हे जपानच्या कार्यालयाला मेलवर विचारून ठेवा.

प्राचार्य तुम्हाला व्यक्तिशः ओळखत नसतील तर वाईट वाटून घेऊ नका. विभागप्रमुखांकडे किंवा गाईडकडे जा आणि एका पानावर टिपणं द्या: कोणत्या प्रोजेक्टमध्ये नेमकं काय केलं, कोणत्या विषयात वर्गात कितवे आलात, कोणती अडचण कशी सोडवली. त्यावरून सर मसुदा करतील आणि प्राचार्य वाचून सही करतील. संपूर्ण पत्र स्वतः लिहून 'सर, फक्त सही करा' असं म्हणू नका. तुमचा आराखडा आणि ते पत्र एकाच हाताचं आहे हे वाचणाऱ्याला कळतं. पत्रात 'कष्टाळू, प्रामाणिक, आज्ञाधारक' या तीन शब्दांऐवजी एक घडलेली गोष्ट असावी. संस्थेचं लेटरहेड, तारीख, पद, शिक्का आणि संस्थेचा ईमेल हे सगळं बघून घ्या. दिवाळीच्या सुट्टीत कार्यालय बंद असतं, हे विसरून बरेच जण अडकतात.

पायरी ७: कागदांची जुळवाजुळव

महाराष्ट्रातल्या मार्कशीटवर आडनाव, नाव, वडिलांचं नाव असा क्रम असतो आणि आईचं नाव वेगळं. पासपोर्टवर नाव आणि वडिलांचं नाव एकत्र, आडनाव वेगळं. जपानी कार्यालयाला ही दोन वेगळी माणसं वाटू शकतात. सर्व फॉर्मवर पासपोर्टप्रमाणेच नाव लिहा आणि फरक असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं पत्र कॉलेजकडून घ्या किंवा प्रतिज्ञापत्र करा. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी हे सगळ्यात आधी करावं.

मराठीतला कोणताही दाखला इंग्रजी भाषांतराशिवाय जोडू नका. पदवी प्रमाणपत्र अजून मिळालं नसेल तर प्रोव्हिजनल किंवा 'अमुक तारखेला पदवी मिळण्याची अपेक्षा' असं कॉलेजचं पत्र. मूळ प्रत मागितली असेल तिथे झेरॉक्स चालत नाही, आणि एकमेव मूळ पदवी मात्र कधीच पोस्टाने पाठवू नका; साक्षांकित प्रत चालेल का ते विचारा. फॉर्ममध्ये एकही रकाना रिकामा सोडू नका.

> इशारा: या मार्गाने एका वर्षी एकाच विद्यापीठात अर्ज करता येतो, आणि त्याच वर्षी दूतावासाच्या मार्गानेही अर्ज केला असेल तर तुमचा अर्ज बाद होतो. 'शिफारस मिळवून देतो' म्हणणाऱ्या एजंटला एक रुपयाही देऊ नका. प्राध्यापकाची संमती विकत मिळत नाही.

पायरी ८: मुलाखत आणि नंतर

मुलाखत बहुधा आराखड्यावरच असते. स्वतःच्या आराखड्यातला प्रत्येक शब्द समजावता आला पाहिजे. उत्तर येत नसेल तर तसं सांगा आणि ते कसं शोधाल ते सांगा.

विद्यापीठाने तुमचं नाव मंत्रालयाकडे पाठवलं तरी अंतिम निकाल यायला काही महिने जातात. त्या काळात नोकरीचा राजीनामा देऊ नका आणि स्वखर्चाने आधीच जपानला जाऊ नका. विद्यार्थी व्हिसा निकालानंतर नव्याने भारतातूनच घ्यायचा असतो, हे नियमात स्पष्ट आहे.

आता शीर्षकातल्या 'परीक्षा न देता' बद्दल. शिष्यवृत्तीला लेखी परीक्षा नाही, हे खरं. पण तुम्ही पदवीच्या अभ्यासक्रमात थेट दाखल होणार की आधी 'केनक्युसेई', म्हणजे संशोधक विद्यार्थी म्हणून जाणार, हे प्राध्यापकांना संमतीच्या वेळीच विचारा. काही विद्यापीठांत मंत्रालयाचे 'प्राधान्य कार्यक्रम' असतात. तिथे बहुधा थेट एम.एस. किंवा पीएच.डी.ला प्रवेश मिळतो आणि शिक्षणही अनेकदा इंग्रजीत असतं. पण केनक्युसेई म्हणून गेलात तर तिथे सहा महिन्यांत किंवा वर्षभरात विभागाची प्रवेश परीक्षा द्यावी लागते, आणि ती उत्तीर्ण होऊन मुदतवाढीचा अर्ज मंजूर झाला तरच शिष्यवृत्ती पुढे चालू राहते. विभागाच्या मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका बऱ्याच ठिकाणी संकेतस्थळावर किंवा कार्यालयात मिळतात. विमानात बसायच्या आधी त्या मिळवा आणि सोडवायला घ्या.